कुदळ आणि नोंदवही
हौशी अभ्यासकाचे पहिले उत्खनन : एक पाठ

इतिहास हा विषय मी गेली सत्तावीस वर्षे शिकवीत आहे. शाळा सोडून गेलेले विद्यार्थी भेटले की त्यांच्यापैकी काहीजण एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, आम्हाला उत्खननात भाग घेता येईल का?" विचारणारा कोणी बँकेत असतो, कोणी एस.टी.त, कोणी शेती करतो. इतिहासाची पदवी त्याच्याजवळ नसते. ओढ मात्र खरी असते. त्याने लेणी पाहिलेली असतात, ब्राह्मी लिपीची अक्षरे गिरवलेली असतात, गावाजवळच्या टेकाडावर सापडलेले एखादे खापर घरात जपून ठेवलेले असते. स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे, असे वाटले. उत्खनन म्हणजे काय, पहिल्यांदा तेथे जाणाऱ्याला कोणते काम करावे लागते, आणि ज्या समाजाचा इतिहास ग्रंथांत फारसा लिहिला गेला नाही त्या समाजाने ही विद्या का शिकावी, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

सोपाऱ्याचा स्तूप आणि एक पदवी नसलेला विद्वान

हौशी माणसाला पुरातत्त्वात स्थान नाही, असे समजण्याचे कारण नाही. या विद्येचा आपल्याकडील पाया घालणाऱ्यांत विद्यापीठाची पायरी न चढलेले पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांचे नाव अग्रभागी आहे. ते जुनागढचे. गिरनारच्या शिलालेखाच्या ओढीने त्यांनी तरुणपणीच ब्राह्मी लिपी आत्मसात केली. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर हिंडून लेखांचे ठसे घेतले. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली.

१८८२ च्या एप्रिल महिन्यात भगवानलालांनी नालासोपाऱ्याजवळचा एक उंचवटा खोदला. गावकरी त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. तेथे स्तूप होता याची आठवण लोकांतून पुसली गेली होती, परंतु ही जागा कोणा मोठ्या माणसाची आहे एवढे लोकस्मृतीने धरून ठेवले होते, आणि तो मोठा माणूस बांबू विणणाऱ्या बुरुडांचा राजा ठरला होता. खोदत गाभ्यापर्यंत गेल्यावर दगडी पेटी लागली. तिच्यात तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती मांडलेल्या होत्या : सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक निघाले. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानून जपलेले होते. सोन्याची फुले होती आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणेही होते. त्याच वर्षी सोपाऱ्यालाच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. स्तूपातील हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

येथे अभ्यासकाने थांबून विचार करावा. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. मूर्ती मात्र शैलीवरून त्यानंतर काही शतकांनी घडविलेल्या दिसतात. अभ्यासक त्यांना साधारणपणे आठव्या-नवव्या शतकात ठेवतात. मग हा सारा ठेवा एकाच वेळी ठेवला गेला, की जुना स्तूप मध्ययुगात कोणी श्रद्धेने उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला? हे ठरविण्याची खात्रीची जागा म्हणजे पेटीवरची माती. जुन्या भरावाला नंतर पाडलेला खड्डा त्या मातीत दिसला असता, किंवा दिसला नसता. भगवानलालांनी त्या काळाच्या मानाने अतिशय काळजीने वृत्तांत लिहिला; परंतु मातीचे थर एकेक करून उलगडण्याची आणि त्यांचे छेद कागदावर उतरविण्याची पद्धत त्यावेळी आपल्याकडे रूढच झाली नव्हती. ती माती आता परत येणार नाही.

उत्खननाचा पहिला नियम यातून निघतो. पुस्तक शंभर वेळा वाचता येते. टेकाड एकदाच वाचता येते, आणि वाचता वाचता ते नष्ट होते. म्हणून जे वाचले ते त्याच क्षणी लिहावे लागते.

पांढर म्हणजे काय?

मराठी शेतकरी गावच्या जमिनीची वाटणी दोन शब्दांत करतो : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची माती पांढुरकी का होते, याचे कारण सोपे आहे. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतील राख, घरांच्या भिंतींची माती, जनावरांचे शेण, कुजलेली छपरे, हाडे आणि खापरे एकाच जागी साचत जातात. घर पडते, ते सपाट करून त्यावर दुसरे उभे राहते. शेकडो वर्षांत जमीन उंच होते आणि तिचे टेकाड बनते. गाव उठून गेले तरी टेकाड राहते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र येथील नद्यांच्या काठी अशी पांढरीची टेकाडे विखुरलेली आहेत. त्यांतील कित्येकांची सुपीक माती शेतकऱ्यांनी खत म्हणून गाड्या भरून नेली आहे.

टेकाड ही पुस्तकांची चळत मानली तर सर्वांत खालचे पुस्तक सर्वांत जुने. पण घरातली चळत जशी मुले उलटीपालटी करतात, तशी येथेही उलथापालथ होते. कोणी धान्यासाठी बळद खणते, कोणी विहीर, कोणी जुन्या भिंतीचे दगड-विटा काढून नेतो, उंदीर-घुशी बिळे करतात. समजा, एखाद्याने आपल्या काळात सातवाहनकालीन थरापर्यंत खड्डा खणला आणि त्यात त्याचे एक नवे नाणे पडले. खड्डा ओळखता आला नाही, तर ते नवे नाणे सातवाहन थरात 'सापडेल'. खड्डा ओळखता आला, तर त्याचे तोंड ज्या थरातून सुरू होते तो त्या नाण्याचा खरा पत्ता ठरेल. याच न्यायाने दुसरा नियम येतो : न बिघडलेल्या थरात अनेक नाणी मिळाली, तर तो थर त्यांतील सर्वांत नव्या नाण्याहून जुना असू शकत नाही. जुने नाणे मात्र नव्या थरातही असू शकते, कारण माणसे जुनी नाणी जपून ठेवतात.

पहिला दिवस

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका टेकाडावर एका विद्यापीठाचे उत्खनन चालू होते. रीतसर परवानगी मिळवून, शाळेतून रजा घेऊन मी तेथे पंधरा दिवस काम केले. पुस्तकांतून उत्खननाची वर्णने मी अनेकदा वाचली आणि शिकवली होती. प्रत्यक्षात जे दिसते ते बरेच साधे आणि बरेच कठीण असते.

टेकाडावर सर्वप्रथम दोऱ्या ताणून चौकोन आखलेले असतात, जणू आलेखाचा कागदच जमिनीवर पसरला आहे. प्रत्येक चौकोनाला अक्षर आणि अंक यांचे नाव असते. दोन चौकोनांच्या मध्ये मातीची एक पट्टी न खोदता राखून ठेवतात. शेतकऱ्याच्या भाषेत तो बांधच. या बांधाच्या उभ्या कडेवर सगळे थर एकावर एक दिसतात, म्हणून त्याचे महत्त्व शेताच्या बांधाइतकेच असते आणि त्यावर पाय देऊन कड ढासळविणे हा मोठा अपराध मानतात. सकाळी उन्हाचा चटका लागण्यापूर्वी काम सुरू होते. कुदळ हलक्या हाताने मारायची, माती फावड्याने घमेल्यात भरायची, घमेले चाळणीपाशी न्यायचे. काही वेगळे दिसले की कुदळ बाजूला ठेवून गवंडी वापरतो तशी लहान थापी, चाकू आणि ब्रश हाती घ्यायचा. दिसलेली वस्तू उचलायची नाही. आधी तिचे छायाचित्र, मग चौकोनाच्या दोन कडांपासूनचे अंतर, मग ठरलेल्या बिंदूपासूनची खोली. ही तीन मापे वहीत उतरल्यावरच तिला हात लावायचा.

नवख्या माणसाला वस्तू दिसतात, जाणत्याला मातीतले बदल दिसतात. आमच्या चौकोनात साठीच्या पुढचे एक कामकरी होते. त्यांना सारे 'बाबा' म्हणत. शाळेत दोन-तीन वर्षेच गेलेले, पण अनेक उत्खननांत राबलेले. एका दुपारी कुदळ मारता मारता ते थांबले आणि म्हणाले, "आवाज बदलला." आम्हा कोणाला काही कळले नाही. त्यांनी थापीने माती खरवडली, पाण्याचा हलका फवारा मारला, तेव्हा चोपून सारवलेली जमीन दिसू लागली. तिच्या कडेला गडद मातीचे वाटोळे डाग ओळीने उमटले. ते मेढींचे खड्डे होते. लाकूड कुजून गेले होते, त्याच्या जागी भरलेली भुसभुशीत माती तेवढी उरली होती. एका घराचा आराखडा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि त्यात 'वस्तू' म्हणावी असे काहीही नव्हते. रंगातला फरक आणि कुदळीचा आवाज, एवढाच तो पुरावा होता. थोडी घाई झाली असती तर ते घर घमेल्यांतून उचलून मातीच्या ढिगावर गेले असते.

खापरांचे अंगण

हौशी अभ्यासकाला पहिल्या उत्खननात बहुधा खापरे धुण्याचे काम मिळते. त्याचा हिरमोड होऊ नये. मातीचे भांडे फुटते, पण त्याचे खापर कुजत नाही, गंजत नाही, आणि चोरावे असे कोणाला वाटत नाही. म्हणून प्राचीन माणसाविषयी सर्वांत जास्त साक्ष खापरच देते. प्रत्येक थराची खापरे वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चौकोन, थर, खोली, तारीख. ती पाण्यात धुवायची, उन्हात वाळवायची, काठ, तळ आणि अंग अशी वेगळी करायची, मग एकेकावर शाईने त्याचा पत्ता लिहायचा. काठाच्या वळणावरून भांड्याचा आकार कळतो, पोतावरून चाक की हात, रंगावरून भट्टीतली आच. काळी-आणि-तांबडी भांडी, सातवाहनकालीन झिलईची भांडी, मध्ययुगीन भांडी यांत डोळा हळूहळू फरक करू लागतो.

कोळशाचा तुकडा मिळाला तर त्याला हाताचा स्पर्शही होऊ देत नाहीत. स्वच्छ चिमट्याने उचलून वेष्टनात बंद करतात. सजीवाच्या मृत्यूनंतर त्याच्यातील किरणोत्सारी कार्बन ठरावीक गतीने घटत जातो आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. त्यावरून काळ काढण्याची पद्धत विलर्ड लिबी यांनी शोधली आणि त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण प्रयोगशाळा कोळशाचे वय सांगते, घराचे नाही. तो कोळसा कोणत्या थरातला, कोणत्या चुलीतला, हे जर वहीत लिहिलेले नसेल, तर मोठ्या खर्चाने मिळालेला आकडा निराधार लोंबकळत राहतो.

ग्रंथांकडून जमिनीकडे येण्याची ही वाट थोरांनीही चालली आहे. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया हे मुळात ग्रंथांचे विद्यार्थी. नालंदा विद्यापीठावरील त्यांचा प्रबंध १९३४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. लंडनला पीएच.डी. करीत असताना ते इंग्लंडमधील मेडन कॅसल या लोहयुगीन दुर्गाच्या उत्खननात मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली काम करू लागले आणि मातीचे थर वाचायला शिकले. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. पुढे जोर्वे, नेवासे, इनामगाव या स्थळांमुळे महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्याही मागे हजार-दीड हजार वर्षे गेला. पोथीत ज्यांचे नावही नव्हते अशा शेतकऱ्यांचा तो इतिहास होता.

चर कोठे घ्यायचा?

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे मोसमामागून मोसम उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतील शंभराहून अधिक घरे तेथे उजेडात आली. बार्ली हे त्यांचे मुख्य पीक होते. लहान मुले दगावली तर दोन रांजणांची तोंडे जुळवून त्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांना पुरताना त्यांची पावले तोडलेली असत. आरंभी प्रशस्त चौकोनी घरे होती. शेवटच्या काळात ती जाऊन लहान वाटोळ्या झोपड्या आल्या, आणि पाऊसमान घटल्याने शेतीची घडी विस्कटल्याचा तो पुरावा मानला गेला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने इनामगावचा आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. वस्तीच्या मध्यभागी मोठी घरे होती. त्यांतील एक पाच खोल्यांचे घर गावप्रमुखाचे असावे आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार असावे, असे उत्खनकांनी मानले. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी घडविणारा अशा कारागिरांची घरे मात्र वस्तीच्या पश्चिम कडेला होती. ही गोष्ट कळली, कारण उत्खनन केवळ मध्यावर न थांबता कडेपर्यंत विस्तारले गेले. एकच खोल चर मध्यभागी घेतला असता तर काळाचा क्रम मिळाला असता, परंतु कडेची माणसे अंधारातच राहिली असती.

या कारागिरांच्या वस्तीत लगेच पुढच्या काळातील जातिव्यवस्था पाहणे घाईचे होईल. भट्टीचा धूर आणि आगीचे भय हेही कडेला राहण्याचे कारण असू शकते. पण त्यातून जो प्रश्न निर्माण होतो तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या वाडवडिलांची वस्ती गावकुसाबाहेर होती. गावच्या शिवेचा वाद उभा राहिला की महाराची साक्ष निर्णायक मानण्याची रीत होती. शीव ज्याला सर्वांत चांगली ठाऊक, त्याला शिवेच्या आत घर मात्र नव्हते. पांढरीचे उंच टेकाड हे गावकुसाच्या आतल्या जीवनाचे साचलेले रूप आहे. उत्खनक स्वाभाविकपणे टेकाडाचा उंच भाग निवडतो, कारण तेथे थर जास्त असतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीची माती पातळ, घरे हलकी, भांडी थोडी. ती लगेच नांगराखाली जाते. तेथे चर घेतलाच नाही, तर तेथे काही नव्हते असे अहवाल म्हणणार नाही. तो गप्प राहील. आणि अहवालाचे मौन पुढच्या पिढीला पुराव्यासारखे वाटू लागते.

चर कोठे घ्यायचा हे कुदळ पडण्यापूर्वी ठरते, आणि ते ठरविणाऱ्यांच्या बैठकीत जो बसतो त्याचे प्रश्न जमिनीला विचारले जातात. आपली मुले त्या बैठकीत असली पाहिजेत, असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

आपली आवड आणि मातीची साक्ष

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पद्धतीचा प्रश्न उघडपणे हाताळला आहे. ज्यांच्याविषयी लेखी पुरावा जवळजवळ नाही अशांचा इतिहास कसा लिहावा? तुटक्या दगडांवरून नगराची रचना उभी करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाचा दाखला त्यांनी तेथे दिला आहे. त्याच प्रस्तावनेत, इतिहासकाराने खरे-खोटे आणि निश्चित-अनिश्चित वेगळे करावे, निवाड्याला बसलेल्या पंचाप्रमाणे साक्ष तपासावी, हा गटेचा विचारही त्यांनी पुढे ठेवला आहे. कल्पनेची मुभा आणि पंचाची सचोटी ही दोन्ही त्यांनी एकत्र मागितली. आपण बहुधा पहिली उचलतो आणि दुसरी विसरतो.

गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील बौद्ध इतिहासाविषयी आपल्या समाजात मोठी जागृती झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या पवनी गावी १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. जगन्नाथाच्या देवळामुळे 'जगन्नाथ टेकडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याखाली इसवी सनापूर्वीच्या शतकांतला मोठा स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्या सामान्य स्त्री-पुरुषांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि मुचलिंद नागाचे शिल्प त्याच्या नावासह कोरलेले आहे. हा पुरावा कोणी नाकारू शकत नाही, कारण तो थरांसह, आराखड्यांसह, मापांसह नोंदविला गेला आहे. त्याचे बळ आपल्या भावनेत नाही, त्या नोंदीत आहे.

दुसरे उदाहरण रामटेकजवळच्या मनसरचे. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेने तेथील उत्खनन हाती घेतले आणि जगत्पती जोशी व ए. के. शर्मा या जाणत्या पुरातत्त्वज्ञांकडे ते सोपविले. बौद्ध संस्थेने स्वतःच्या प्रेरणेने शास्त्रशुद्ध उत्खनन करविले, ही आपल्या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. तेथे बौद्ध मानल्या गेलेल्या वास्तूंबरोबर वाकाटक काळातील विटांची भव्य बांधकामे आणि शैव शिल्पेही निघाली. कोणती वास्तू कोणत्या परंपरेची, यावर विद्वानांत मतभेद आहेत. हा वाद आपण घाबरून टाळू नये आणि घोषणांनी मिटवूही नये. जे निघाले ते सारे नोंदविले गेले म्हणूनच वाद करता येतो. आपल्याला हवे तेवढे ठेवून बाकीचे मातीच्या ढिगावर टाकले असते, तर आपला पुरावाही कोणी मानला नसता.

प्रत्येक उभट दगड स्तूपाचा आणि प्रत्येक पडकी वीट विहाराची, असे म्हणण्याचा मोह मला समजतो. ज्याच्याकडून सर्व हिरावले गेले तो मिळेल ते घट्ट धरतो. परंतु ज्यांनी आपला इतिहास पुसला त्यांनीही आधी पुराव्याशी खेळ केला होता. 'एहिपस्सिको' म्हणजे ये आणि पाहा, असे ज्या धम्माचे लक्षण सांगितले जाते, त्याच्या अनुयायाने जे दिसले तेच लिहावे.

ज्यांच्या हाती कुदळ होती

उत्खननाचे जाड अहवाल चाळून पाहावेत. संचालक, सहायक, छायाचित्रकार, आराखडे काढणारे यांची नावे मिळतात. माती उचलणाऱ्या मजुरांची नावे बहुतेक अहवालांत नसतात. आमच्या चौकोनातील बाबांच्या कानाने एक घर वाचविले. त्या घराच्या नोंदीत त्यांचे नाव कोठे बसणार? टेकाडाशेजारच्या गावातील भूमिहीन स्त्री-पुरुष या कामावर येतात, आणि त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने असतात. म्हणजे कुदळ आणि घमेले आपल्या हातांना नवे नाही. आपल्याच पूर्वजांच्या वस्त्या आपण मजुरीने खणल्या असतील, आणि त्यांचा अर्थ दुसऱ्यांनी लिहिला असेल. नवी गोष्ट एवढीच घडावयास हवी की त्याच हातांत नोंदवहीही यावी.

हौशी अभ्यासकाने काय करावे?

प्रथम, स्वतः खणू नये. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या कायद्यानुसार केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या मान्यतेशिवाय उत्खनन करता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पण कायदा नसता तरी खणू नये, कारण पत्ता हरवलेली वस्तू मुकी असते. घरात जपलेल्या खापरावर निदान आज तरी चिठ्ठी लावावी : कोणते गाव, कोणते शेत, कोणत्या साली.

दुसरे, रीतसर जोडून घ्यावे. पुण्याचे डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय येथे पत्र लिहून विचारावे. उत्खनने सहसा हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. जाताना मजबूत बूट, टोपी, पाण्याची बाटली, पट्टी, पेन्सिल आणि बांधलेली वही न्यावी. सुटी पाने नेऊ नयेत, ती हरवतात. मिळेल ते काम करावे, न कळलेले विचारावे आणि कामकऱ्यांकडून शिकावे.

तिसरे काम घरबसल्या होते. आपण सारे निरनिराळ्या गावांतून या शाळेत आलो. प्रत्येकाने आपल्या गावाची एक वही करावी. पांढरीची टेकाडे कोठे आहेत, शेतांची व टेकड्यांची जुनी नावे काय, वृद्ध माणसे त्यांविषयी काय सांगतात, गावकुसाबाहेरची जुनी वस्ती नेमकी कोठे होती, पूर आला तेव्हा ती कोठे हलली, तेथली विहीर कोणती, हे सर्व तारखेसह लिहावे. सांगणाऱ्याचे नाव जरूर लिहावे. ऐकलेले, पाहिलेले आणि आपल्याला वाटलेले या तीन गोष्टी वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. सोपाऱ्याचा स्तूप 'बुरूड राजाचा कोट' या नावाने लोकांनी जपला होता. आपल्या गावातही असे एखादे नाव कोणा आजीच्या तोंडी असेल, आणि तिच्याबरोबर ते जाण्याच्या बेतात असेल.

अशी वह्यांची एक मांडणी आपल्या शाळेच्या ग्रंथालयात व्हावी, असा माझा प्रस्ताव आहे. एक कपाट त्यासाठी राखता येईल. जिल्हावार क्रम लावण्याचे काम नववी-दहावीचे विद्यार्थी आनंदाने करतील. पुढेमागे एखाद्या विद्यापीठाचा चमू आपल्या भागात चर घेण्यासाठी जागा शोधत आला, तर त्याच्यापुढे आपण या वह्या ठेवू आणि सांगू, की टेकाडाच्या माथ्यावर खोदाच. पण गावकुसाबाहेरच्या या सपाट शेतातही एक चौकोन आखा. येथे कोणाची घरे होती ते आमच्याजवळ लिहिलेले आहे.